कृष्णेच्या उगमाकडील स्तूप

महाबळेश्वरच्या पठारावर पाच नद्यांचा उगम मानला जातो. क्षेत्र महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह एकत्र दाखवले जातात. पहिल्या तिन्ही नद्या देशावर वाहतात, उरलेल्या दोन कोकणाकडे जातात. या नद्यांच्या काठाने खाली उतरले की ठरावीक अंतरावर एक जुने व्यापारी गाव लागते, आणि त्या गावापासून थोड्या अंतरावरच्या डोंगरात बौद्ध लेणी सापडतात. कृष्णेकाठी वाई आणि तिच्याजवळची लोहाऱ्याची लेणी, कृष्णा-कोयनेच्या संगमावर कऱ्हाड आणि समोरचा आगाशिवाचा डोंगर, सावित्रीकाठी महाड आणि गांधारपाल्याची लेणी. या तिन्ही ठिकाणी खडकातून कोरून काढलेले स्तूप होते. पठारावर मात्र स्तूप नाही. पंचक्रोशीतला स्तूप पाहायचा तर महाबळेश्वरहून खाली उतरावे लागते.

पठारावर तो का नाही, याची कारणे भूगोलातच आहेत. महाबळेश्वरचा माथा जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झिरपते, आणि त्यात सरळ धारेच्या भिंती व गुळगुळीत घुमट कोरणे अवघड जाते. त्याखालचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, मात्र या कामासाठी उत्तम. दुसरे कारण पावसाचे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि डोंगर उतरून वाईला आले की तो हजार मिलिमीटरच्या आत येतो. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी राहून काढावेत, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम होता. अशा वर्षावासासाठी कोरडी जागा हवी, जवळ गोड पाणी हवे आणि भिक्षा मिळेल असे गावही हवे. वस्तीला लागून नाही आणि वस्तीपासून फार लांबही नाही, असे अंतर लेण्यांसाठी निवडले जाई. सकाळी भिक्षापात्र घेऊन गावात उतरायचे आणि उन्हे चढण्याआधी परतायचे, एवढी ती चाल असे. वाई, कऱ्हाड आणि महाड या तिन्ही ठिकाणी हे अंतर आजही पायी मोजता येते.

स्तूप म्हणजे मुळात अस्थी किंवा पूज्य वस्तू पोटात ठेवून त्यावर रचलेला उंचवटा. त्याचे भाग ठरलेले असतात. खाली गोल चौथरा, म्हणजे मेधी. त्यावर अर्धगोल अंड. अंडावर चौकोनी हर्मिका. आणि हर्मिकेतून वर जाणाऱ्या दांड्यावर छत्र. भोवती प्रदक्षिणेची वाट. सांचीसारख्या ठिकाणी हे सारे विटा-दगडांनी बांधलेले आहे. सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उघडलेला स्तूपही बांधीव होता. त्याच्या गाभ्यातल्या दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुले, बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजाचे चांदीचे नाणे मिळाले. सह्याद्रीतल्या लेण्यांमधला स्तूप याहून वेगळा आहे. तो रचलेला नसून उरवलेला आहे. कारागीर छताकडून खाली कातळ फोडत येत, आणि ज्या जागी स्तूप हवा तिथला दगड तसाच सोडून त्याला आकार देत. त्यामुळे स्तूप, जमीन आणि पुष्कळदा छतावरचे छत्रही एकाच अखंड खडकाचे असते. अशा स्तूपाच्या पोटात बहुधा काहीच नसते. तो स्वतःच पूजेचा विषय असतो. बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत या भागात रुळण्यापूर्वी भिक्षू आणि उपासक ज्यापुढे हात जोडत, ते हेच रूप होते.

वाईपासून मांढरदेवीच्या बाजूला लोहारे हे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीच्या कातळात आठ लेण्यांचा गट आहे. स्थानिक लोक त्याला पालपेश्वर म्हणतात. मुख्य लेणे म्हणजे तीसेक फूट लांबी-रुंदीचे दालन. बाजूला भिक्षूंच्या खोल्या आणि मागे गाभाऱ्यासारखी जागा. त्या गाभाऱ्यात सुमारे सहा फूट व्यासाचा स्तूप होता. आज तिथे शिवलिंग पूजले जाते. स्तूपाचा वरचा भाग फोडून खालच्या गोल चौथऱ्याला लिंगाचे रूप दिले गेले, हे दगडाकडे नीट पाहिले की कळते. एवढ्या मोठ्या व्यासाचे आणि गाभाऱ्याच्या मधोमध जमिनीतून थेट वर आलेले लिंग सहसा कोणी घडवत नाही. भोवतालची मोकळी वाटही प्रदक्षिणेसाठीच सोडलेली आहे. हा बदल कोणी आणि केव्हा केला, याचा लेख तिथे नाही. महाराष्ट्रातल्या अनेक लेण्यांच्या वाट्याला हेच आले. भिक्षुसंघ ओसरले, जागा रिकाम्या झाल्या, आणि नंतरच्या भाविकांनी त्या आपल्या देवासाठी घेतल्या. स्तूपाची मोडतोड ही हानीच होय, तिचे समर्थन करता येणार नाही. पण पालपेश्वराला दिवाबत्ती होत राहिली म्हणून ते दालन गोठा झाले नाही, मातीने भरून गेले नाही, हेही खरे. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, त्या गावाच्या वेशीवर हा दोन धर्मांचा इतिहास एका दगडात उभा आहे. घाटावरची मंदिरे पाहून परतणाऱ्या प्रवाशाला त्याचा पत्ता मात्र कोणी सांगत नाही.

वाईच्या परिसरात आणखी दोन ठिकाणे आहेत. पांडवगडाच्या एका सोंडेवर थोडी लेणी असून त्यांत सपाट छताचे लहान चैत्यगृह, म्हणजे स्तूपपूजेचे दालन, आणि साधा स्तूप आहे. उत्तरेला नीरेकाठच्या शिरवळजवळ मांढरदेवाच्या डोंगररांगेत सुमारे पंधरा लेण्यांचा गट आहे. तिथलेही चैत्यगृह लहान, सपाट छताचे, आणि आतला स्तूप कोरीव कामाविना. राजपुरीची लेणी पाचगणीहून जवळ असल्याने पर्यटकांना अधिक परिचित आहेत. पण ती कार्तिकस्वामीचे स्थान म्हणून ओळखली जातात, आणि स्तूपाचा शोध घेणाऱ्याने वाईचीच वाट धरावी.

सपाट छत ही या भागातल्या चैत्यगृहांची खूण आहे. कार्ले किंवा भाजे पाहिलेल्या माणसाला चैत्यगृह म्हटले की कमानदार छत, लाकडी फासळ्या, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा आणि दर्शनी भागातली पिंपळपानाच्या आकाराची भव्य खिडकी आठवते. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात असे क्वचितच दिसते. इथे चौकोनी खोली, सपाट छत, मागच्या बाजूला स्तूप आणि पुढे साधी ओसरी, एवढेच असते. हे कौशल्याच्या अभावाने झाले असे समजणे चूक ठरेल. कार्ल्याचे चैत्यगृह भव्य झाले, कारण त्यामागे बोरघाटाच्या वाटेवरचे व्यापारी, सोपारा-धेनुकाकटासारख्या गावांतले दाते आणि राजसत्ता यांची दाने होती. वाई-कऱ्हाडकडच्या लेण्यांना लहान-लहान दाते मिळाले. ज्याची ऐपत एका खोलीची, त्याने एक खोली दिली. ज्याची पाण्याच्या टाक्याची, त्याने टाके दिले. अशा दानांतून मोठा सभामंडप उभा राहत नाही, पण राहण्याजोगे विहार मात्र भरपूर होतात. कऱ्हाडला तेच घडले.

कऱ्हाड हे या साऱ्या प्रदेशातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण. महाबळेश्वरच्या एकाच माथ्यावरून निघालेल्या कृष्णा आणि कोयना वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहत येऊन इथे समोरासमोर भेटतात. त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. गावाच्या नैऋत्येला काही किलोमीटरवर आगाशिवाचा डोंगर आहे. माथ्यावर महादेवाचे देऊळ आहे आणि पायथ्याशी जखिणवाडी हे गाव. या डोंगराच्या कड्यांत साठहून अधिक लेणी आहेत. ती एका ओळीत नाहीत. काही जखिणवाडीच्या बाजूच्या घळीत आहेत, काही शेजारच्या सोंडेवर आणि काही कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून विखुरलेली. बहुतेक अगदी साधी आहेत: एक ओसरी, आत एक दालन, भिंतीलगत दगडी बाक आणि दोन-चार खोल्या. ती सातवाहन काळात, मुख्यतः इसवी सनाच्या पहिल्या दोन-तीन शतकांत कोरली गेली असावीत, असे त्यांच्या घडणीवरून दिसते.

यांतल्या थोड्या लेण्यांत स्तूप आहेत. एका चैत्यगृहाचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार आणि छत कमानदार आहे. म्हणजे कारागिरांना कार्ल्याची पद्धत माहीत होती. त्याच्या दर्शनी भागात स्तंभांवर धर्मचक्र आणि सिंह कोरलेले आहेत. कऱ्हाडच्या एरवी अलंकारविरहित लेण्यांमध्ये हे एवढेच उठून दिसणारे शिल्प, आणि तेही थेट सारनाथच्या परंपरेकडे बोट दाखवणारे. बाकीची चैत्यगृहे सपाट छताची आहेत. या डोंगरात लेख फार थोडे. त्यांतल्या एका लेखात गोपालाचा मुलगा संघमित्र याने लेणे धर्मदान म्हणून दिल्याची नोंद आहे. त्याचा व्यवसाय काय, गाव कोणते, हे त्या लेखात नाही.

कऱ्हाडबद्दलची खरी मोलाची नोंद कऱ्हाडला नाही. ती शेकडो मैल दूर मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यातल्या भरहुतला आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ नंतर भरहुतचा स्तूप उजेडात आणला. त्याच्या कठड्यावर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ‘करहकट’ या गावच्या निगमाने, म्हणजे व्यापारी-नागरिकांच्या संघटनेने, दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. त्याच गावच्या एका दात्याने स्तंभ दिल्याचा लेखही आहे. हे करहकट म्हणजे आजचे कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. भरहुतचा कठडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. याचा अर्थ, आगाशिवाच्या डोंगरात छिन्नी चालण्याच्या बऱ्याच आधी कऱ्हाडचे लोक बौद्ध होते, संघटित होते, आणि विंध्यापलीकडच्या एका स्तूपासाठी गावाच्या नावाने दान देण्याइतके सधन होते. कोकणात राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या एका लेखात करहाकडचा लोखंडाचा व्यापारी महिक याने लेणे दिल्याचे म्हटले आहे. हा माणूस घाट उतरून बंदराकडे जात असे, आणि त्याने दानही बंदराजवळच केले. कोणत्याही राजवंशाच्या यादीपेक्षा हे दोन छोटे लेख या प्रदेशाचा इतिहास अधिक स्पष्ट सांगतात. ‘कराड’ हे नाव आज साखर कारखाने आणि राजकारण यांच्यासाठी घेतले जाते. दोन हजार वर्षांपूर्वी ते दानासाठी कोरले जात होते.

पश्चिमेकडचे उतार पाहायचे तर आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावे लागते. पूर्वी कोकणाकडची वाहतूक पार घाटाने चाले. सावित्रीच्या काठाने पुढे महाड येते. गावाच्या उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या अगदी कडेला, गांधारपाल्याची लेणी आहेत. संख्या तीसच्या आसपास. महामार्गावरून पायऱ्या चढून गेले की सावित्री आणि गांधारी या नद्यांनी वेढलेला सगळा प्रदेश नजरेत येतो. बंदराकडून येणारा माल नदीतून कुठवर चढत असेल, याचा अंदाज इथे उभे राहिल्यावरच येतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पालैपट्माई नावाचे बंदर आले आहे. ते हेच पाले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इथल्या एका लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, खोल्या आणि पाण्याची टाकी दिल्याचे नोंदले आहे. दुसरा मोठा दाता हा एका श्रेष्ठीचा मुलगा, वाडसिरी नावाचा गृहपती. एक राजपुत्र आणि एक सावकार, दोघांची दाने एकाच कड्यात शेजारी आहेत. पहिल्या लेण्यात नंतरच्या काळातली बुद्धमूर्ती आहे. खाली धर्मचक्र आणि हरणे. म्हणजे स्तूपपूजेपासून मूर्तिपूजेकडे झालेला प्रवास या एका ठिकाणी पाहता येतो. एका लेण्यातला स्तूप पुरता फोडून नाहीसा केलेला आहे. तो होता हे कळते ते छताला चिकटून राहिलेल्या खुणेवरून. सावित्रीच्या पलीकडे कोल येथेही दोन लहान गट आहेत.

या ठिकाणांना जोडणारे घाट लक्षात घेतले की त्यांची जागा नेमकी समजते. वरंधा घाट महाड आणि शिरवळला जोडतो, पार घाट महाड आणि वाईला, कुंभार्ली घाट चिपळूण आणि कऱ्हाडला. प्रत्येक वाटेच्या दोन्ही टोकांजवळच्या प्रदेशात लेणी आहेत. व्यापारी आणि भिक्षू एकाच वाटेने जात. व्यापाऱ्याला मुक्काम, पाणी आणि सोबत हवी असे. संघाला दाता हवा असे. मधुकर केशव ढवळीकर यांनी १९८४ साली डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कऱ्हाड, कुडे, महाड या उत्तर-हीनयान काळातल्या, म्हणजे मूर्तिपूजेपूर्वीच्या परंपरेच्या अखेरच्या टप्प्यातल्या, लेण्यांचा एकत्र विचार केला आहे, आणि तो एकत्रच करायला हवा. घाटमाथ्याच्या अल्याड-पल्याडची लेणी जिल्ह्यांच्या हद्दींप्रमाणे वेगळी पाहिली तर ती किरकोळ वाटतात.

कृष्णेच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे गेले तर या लेण्यांचे महत्त्व आणखी वाढते. कृष्णा सांगलीवरून पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला भेटते. ही कोल्हापूरची पंचगंगा. कोल्हापूर शहरात एकोणिसाव्या शतकात एका बांधीव स्तूपाच्या अवशेषांतून दगडी पेटी आणि स्फटिकाचा करंडक मिळाला. पेटीच्या झाकणावर लेख आहे: दान ब्रह्माचे, करवून घेतले धर्मगुप्ताने. म्हणजे या खोऱ्यात बांधीव स्तूपही होते, पण ते शहरांच्या पोटात नाहीसे झाले. डोंगरातले कोरीव तेवढे टिकले. पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळणाऱ्या भीमेच्या काठी, सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे १९९० च्या दशकात उत्खननात मोठा स्तूप सापडला. त्याच्या शिल्पपटांवर सातवाहन राजांची नावासह चित्रे आहेत, आणि ‘राजा अशोक’ असे नाव कोरलेला पटही आहे. त्याहून खाली आंध्र प्रदेशात नागार्जुनकोंडा. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली ही दरी जाणार म्हणून १९५४ ते १९६० या काळात तिथे मोठे उत्खनन झाले आणि निवडक अवशेष उंच टेकडीवर हलवले गेले. ती टेकडी आता बेट आहे. आणि शेवटी कृष्णेच्या उजव्या तीरावर अमरावतीचा महाचैत्य. सुमारे पन्नास मीटर व्यासाच्या त्या स्तूपाची शिल्पे आज चेन्नई आणि लंडनच्या संग्रहालयांत विभागलेली आहेत.

कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहते. तिच्या एका टोकाला लोहाऱ्याचा सहा फुटी स्तूप आहे आणि दुसऱ्या टोकाला अमरावतीचा महाचैत्य. दोन्ही सातवाहनांच्या सत्तेखालच्या प्रदेशात आणि साधारण एकाच कालखंडात पूजले जात होते. गंगेच्या खोऱ्याला बुद्धाच्या चरित्राचे महत्त्व आहे. पण दक्षिणेत बौद्ध धर्म ज्या नदीच्या आधाराने सर्वांत दूरवर आणि सर्वांत दीर्घकाळ वाढला ती कृष्णा होय, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. महाराष्ट्रात कृष्णेची ही ओळख जवळजवळ कोणालाच नाही. तिची महती वाईच्या घाटांनी, नरसोबाच्या वाडीने, संतांच्या समाधींनी सांगितली जाते. ती सारी खरी आहे, आणि तिच्यात हा बौद्ध अध्याय मिळवायला हवा.

या लेण्यांचा आधुनिक अभ्यास सातारच्या संस्थानकाळाच्या अखेरीस सुरू झाला. साताऱ्यात अधिकारी असलेल्या बार्टल फ्रिअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कऱ्हाडच्या लेण्यांचे वर्णन लिहिले. पुढे जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांच्या १८८० सालच्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात कऱ्हाड, शिरवळ, वाई, महाड यांची मोजमापांसह नोंद झाली. अजूनही अनेक लेण्यांची मापे त्याच ग्रंथातून घेतली जातात. अजिंठ्याच्या चित्रांवर शेकडो ग्रंथ निघाले. आगाशिवाच्या डोंगरावर मराठीत सहज मिळणारे सविस्तर पुस्तक शोधावे लागते.

दर्शनासाठी येणारा वर्ग मात्र गेल्या काही दशकांत बदलला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या लक्षावधी लोकांसाठी स्तूप हा पुन्हा श्रद्धेचा विषय झाला. महाडला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहाच्या चवदार तळ्यावर अभिवादनासाठी येणाऱ्यांपैकी अनेक जण गांधारपाल्याच्या पायऱ्याही चढतात. या लेण्यांना शतकानुशतके जे मिळाले नव्हते, ते आपुलकीने येणारे माणूस त्यांना पुन्हा मिळाले आहे. इतिहासाचा अभ्यासक, गिर्यारोहक, महादेवाचा भक्त आणि बौद्ध उपासक हे चौघे आज एकाच दारातून आत येतात. त्या चौघांचाही त्या जागेवर हक्क आहे, आणि जपण्याची जबाबदारीही चौघांचीच.

प्रत्यक्ष भेटीसाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात, कड्यावरून पाणी कोसळते आणि लेण्यांच्या ओसऱ्यांत शेवाळ माजते. उन्हाळ्यात दुपारी कातळ तापतो, म्हणून सकाळी लवकर चढावे. महाबळेश्वरहून वाईला उतरून लोहारे आणि वाटल्यास शिरवळ एका दिवसात होते. कऱ्हाडसाठी वेगळा दिवस ठेवावा, कारण आगाशिवाची लेणी तीन बाजूंना पसरलेली असून वाटेची माहिती असलेला जखिणवाडीचा माणूस बरोबर असल्याखेरीज निम्मी पाहायची राहतात. महाडचा मार्ग सर्वांत सोपा. विजेरी बरोबर असावी. आतल्या खोल्यांतले छिन्नीचे घाव आणि अर्धवट सोडलेले कोरीव काम तिच्या तिरप्या उजेडातच दिसते. दगडाला तेल, रंग किंवा खडू लावू नये, अक्षरांवर हात फिरवू नये आणि लेण्यांत चूल पेटवू नये. काजळीचा थर एकदा बसला की लेख वाचता येत नाही.

या प्रदेशातली महाविद्यालये आणि इतिहास मंडळे यांच्यासमोर काम उघड आहे. लोहारे, पांडवगड, शिरवळ, आगाशिव, गांधारपाले आणि कोल येथल्या प्रत्येक लेण्याचे आजचे मोजमाप घ्यावे, छायाचित्रे काढावीत, लेखांचे ठसे आणि वाचन एकत्र आणावे, आणि हे सारे मराठीत, शाळेतल्या मुलाला समजेल अशा भाषेत छापावे. पायथ्याच्या गावांत मार्गदर्शक फलक लावावेत. ज्यांना यातले काही करता येणार नाही, त्यांनी निदान महाबळेश्वरला आल्यावर परतीच्या वाटेवर लोहाऱ्याला एक तास थांबावे.